आठ खुर्च्यांचा वर्ग

बारावीच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल येणार म्हटलं की आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवडाभर आधीपासून घासूनपुसून निघायची. ब्युरेट धुतले जायचे, जर्नलवरच्या राहिलेल्या सह्या व्हायच्या, शिपाईमामा चहा-पोह्यांचं बघायचे. एक्स्टर्नल म्हणजे दुसऱ्या गावचे कुणी सर. ते पाच मिनिटं समोर उभं करून तीन प्रश्न विचारणार, आणि आमचे सर दाराशी उभे राहून आमच्या तोंडाकडे बघत राहणार. व्हायव्हाला मला काय विचारलं होतं ते आता आठवत नाही. सरांचा चेहरा मात्र आठवतो. वर्षभर आम्हाला रागावणारा हा माणूस त्या पाच मिनिटांत पुरता आमच्या बाजूचा झाला होता.

चार वर्षांनी, मे २०१६ मध्ये, मी पुन्हा एक्स्टर्नलसमोर बसले. एक नाही, चार. गाव होतं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं स्वॉर्थमोर, कॉलेजचं नावही तेच, आणि विषय होता इतिहास. ऑनर्स म्हणजे नक्की काय केलंस, असं गेल्या काही वर्षांत मला पुष्कळांनी विचारलंय. आपल्याकडेही आता पदवीचं चौथं वर्ष आणि 'ऑनर्स' हे शब्द घरोघर ऐकू येतात, म्हणून तर जास्तच. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पैशांचं सगळे आधी विचारतात, तर तेही सांगून टाकते. मी वाईची. वडील एसटीत कंडक्टर, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरच्या उत्पन्नाचे कागद पाठवल्यावर कॉलेजने शिष्यवृत्ती ठरवली, तीत शिकणं, राहणं, जेवण बसलं. विमानाचं तिकीट आणि पहिल्या थंडीचे कपडे यांच्यासाठी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली की प्रवेश आणखी अवघड होतो, हेही खरं. माझा झाला.

कॉलेज म्हणजे सगळे मिळून दीड हजारांच्या आसपास विद्यार्थी. लोकलच्या स्टेशनवर उतरलं की ओकच्या झाडांमधून एक वाट टेकडी चढते, तिच्या टोकाला पॅरिश हॉल ही जुनी दगडी इमारत, आणि मागे क्रम नावाच्या ओढ्याचं रान. सगळं आवारच वृक्षोद्यान आहे, झाडाझाडावर नावाची पट्टी. फिलाडेल्फिया तिथून अर्ध्या तासावर. १८६४ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हे कॉलेज स्थापलं, आणि पहिल्या वर्गापासून मुलं-मुली एकत्र शिकली. क्वेकर लोक पदव्या-उपाध्या मानत नाहीत. त्याचा मागमूस अजून आहे, बरीच मुलं प्राध्यापकांना सरळ नावाने हाक मारतात. मला ते चार वर्षांत एकदाही जमलं नाही. मी तोंडाने 'प्रोफेसर' म्हणायचे आणि मनात 'बाई'.

गेले होते विज्ञानाला. पण तिथे पहिल्या सहामाहीचे गुण प्रगतिपुस्तकावर येत नाहीत, फक्त पास की नापास एवढंच दिसतं. त्या मोकळीकीत मी इतिहासाचा एक वर्ग घेतला आणि तिथलीच झाले. आईला फोनवर हे सांगताना मला घाम फुटला होता. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "पोटापुरतं मिळेल ना गं त्यात?" त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पुढच्या दोन वर्षांचा आराखडा लिहून द्यावा लागतो, आणि ऑनर्स करायचं असेल तर त्याच वेळी अर्ज करायचा. सगळे करत नाहीत, सक्तीही नाही. ही पद्धत १९२२ सालची. फ्रँक एडलॉट नावाचे अध्यक्ष त्याच्या आदल्या वर्षी कॉलेजात आले होते. ते स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले. हुशार मुलांना सगळ्यांच्याच वेगाने चालायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, या विचारातून त्यांनी ऑनर्स सुरू केलं. शेवटची दोन वर्षं मुलांनी थोडेच विषय खोलवर शिकायचे, छोट्या सेमिनारमधून शिकायचे, आणि शेवटी त्यांची परीक्षा बाहेरच्या विद्यापीठांतल्या जाणकारांनी घ्यायची. शिकवणाऱ्याने परीक्षा घ्यायची नाही.

हे शेवटचं कलम माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. सेमिनारचे गुण आपले प्राध्यापक देतात, पण पदवीवर 'ऑनर्स', 'हाय ऑनर्स' की 'हायेस्ट ऑनर्स' असं काय लिहायचं, की काहीच नाही, हे ठरवतात पाहुणे परीक्षक. प्रश्नपत्रिका ते काढतात. तुमच्या बाईंनाही ती आधी दिसत नाही. त्यामुळे बाईंना खूश करण्यात काही अर्थ उरत नाही. त्या म्हणतील तेच उत्तरात लिहावं, त्यांच्या लाडक्या मताला विरोध करू नये, ही जी आपल्या हाडात मुरलेली सवय असते, ती निरुपयोगी होते. त्या आणि तुम्ही एकाच बाजूला बसून कुणा तिसऱ्याची तयारी करत असता.

माझे चार विषय ठरले. इतिहासाचे तीन, त्यांपैकी दोन सेमिनार आणि एक प्रबंध, आणि दुय्यम विषय म्हणून धर्माच्या अभ्यासाचा एक सेमिनार.

आता त्या खुर्च्यांविषयी. सेमिनारमध्ये फार तर आठ विद्यार्थी. आठवड्यातून एकदाच भेटायचं, पण तीन तास, कधी चार. एका सेमिनारला दोन विषयांचं वजन. प्रत्येक आठवड्याला दोन-तीनशे पानं वाचायची, कधी त्याहून जास्त. दर खेपेला दोघं-तिघं पाच-सहा पानांचा निबंध लिहिणार आणि तो आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवणार. वर्गात निबंध वाचून दाखवायचा नाही, तो सगळ्यांनी वाचलेलाच असतो. बसलं की थेट प्रश्न. मध्ये खाण्याची सुट्टी, आणि खाणं आणायची पाळी विद्यार्थ्यांची. माझ्या पहिल्या पाळीला आईने पाठवलेला शंकरपाळ्यांचा डबा मी टेबलावर ठेवला. सुट्टीनंतर तो रिकामा होता आणि मला त्या रात्री घरची फार आठवण आली.

पहिले तीन आठवडे मी एक शब्द बोलले नाही. वाचलेलं सगळं असायचं, मुद्देही काढलेले असायचे. पण तिथली मुलं अर्धवट विचारसुद्धा बोलून टाकायची आणि बोलता बोलता तो पुरा करायची. मला वाटायचं, आधी पूर्ण वाक्य मनात जुळू दे. ते जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. बाई ती पोकळी स्वतः कधी भरून काढत नसत. प्रश्न विचारून गप्प बसत, कधी कधी मिनिटभर, आणि ती शांतता कुणालाच टोचत नसे.

चौथ्या आठवड्यात निबंधाची पाळी माझी. गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या क्वेकर स्त्रिया हा विषय. ल्युक्रेशिया मॉट ही त्यांच्यातली मोठं नाव असलेली बाई, आमच्या कॉलेजच्या संस्थापकांमध्येही ती होती. मी मन लावून लिहिलं. त्यात एक वाक्य होतं : 'समाजाचा तीव्र विरोध असूनही या स्त्रिया डगमगल्या नाहीत.' वाईच्या शाळेत निबंधाला बक्षिसं मिळवून देणारं वाक्य. माझ्या शेजारी बसणाऱ्या, मिनेसोटातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे समाज म्हणजे कोण?"

त्याला मला अडवायचं नव्हतं, खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, लोक. तो म्हणाला, कोणते? त्यांच्याच प्रार्थनासभेतले वडीलधारे? कापसाचा व्यापार असलेले शेजारी? वर्तमानपत्रं? सभेवर दगड मारणारा जमाव? सगळ्यांचा विरोध एकच होता का? समोरची मुलगी म्हणाली, की विरोध करणाऱ्यांत त्यांच्या घरचेही असतील, आणि पाठिंबा देणाऱ्यांतही. पंचवीस मिनिटं आठ जणांनी माझं ते एक वाक्य उसवलं. रडू येत होतं, पण मी लिहून घेत होते. शेवटी बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी हेच वाक्य तू लिहिशील तेव्हा 'समाज' या शब्दाच्या जागी माणसं असतील."

त्या रात्री वसतिगृहावर जाताना माझ्या डोक्यात मॉटबाई नव्हत्या, आनंदीबाई जोशी होत्या. लहानपणापासून ऐकलेलं, पाठ्यपुस्तकातलं वाक्य : समाजाचा विरोध पत्करून आनंदीबाई अमेरिकेला गेल्या. कोण समाज? आणि गेल्या त्या इथेच तर. फिलाडेल्फियाला, माझ्या खोलीपासून अर्ध्या तासावर.

माझ्या प्रबंधाचा उगम हा असा.

फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० साली सुरू झालं, त्यात क्वेकरांचा मोठा हात होता. आनंदीबाई तिथून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या आणि मग अडीचेक वर्षं अमेरिकेतच फिरल्या, बोलल्या, लिहिलं. भारतात परतून त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेही ११ मार्चलाच, १८८९ मध्ये. मला शोधायचं होतं ते असं : फिलाडेल्फियातल्या ज्या बायकांनी या दोघींना घरात घेतलं, सभांना बोलावलं, पैसे उभे केले, त्या मराठी बायकांविषयी काय बोलत होत्या, आणि या दोघी त्या बायकांविषयी आपल्या लोकांना काय सांगत होत्या. एकीकडचे कागद इंग्रजीत, दुसरीकडचे पुष्कळसे मराठीत. कॉलेजात ते मराठी वाचू शकणारी मी एकटी होते.

चौथ्या वर्षाच्या सप्टेंबरपासून कामाला लागले. आमच्याच आवारात फ्रेंड्स हिस्टॉरिकल लायब्ररी आहे, क्वेकरांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह. मॉटबाईंची पत्रंही तिथे आहेत. नियम साधे आहेत. पेन चालत नाही, पेन्सिलच. बॅग बाहेर. एका वेळी एक पेटी. मला वाटलं होतं, कागद उघडले की इतिहास समोर येईल. पहिला महिना फक्त अक्षर लावण्यात गेला. एकोणिसाव्या शतकातलं तिरकं इंग्रजी वळण वाचायला शिकणं ही आपली मोडी शिकण्यासारखीच तपश्चर्या आहे. आजोबांना मोडी येत होती. त्यांच्याकडून ती शिकून घेतली नाही, याची तिथे बसून फार खंत वाटली.

आनंदीबाईंचे कागद मात्र शहरात, ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय कॉलेजच्या संग्रहात. दोन गाड्या करून क्वीन लेनला जावं लागे. पहिल्यांदा गेले तो ऑक्टोबरातला दिवस होता आणि पानं लाल झाली होती. तिथल्या बाईंनी पेटी समोर ठेवली. तिघींचा तो प्रसिद्ध फोटो, १० ऑक्टोबर १८८५ चा : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली. फोटो मी शंभरदा पाहिला होता. मग प्रबंध निघाला, हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर आनंदीबाईंनी लिहिलेला, हाताने. वीस वर्षांच्या मुलीचं सरळ, काळजीपूर्वक वळणाचं अक्षर. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, तिच्याहून जेमतेम वर्षाने मोठी. बराच वेळ मी काही टिपून घेतलं नाही.

तो 'कोण समाज' माझ्या मानेवर बसलेलाच होता. अमेरिकेला निघण्याआधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूरला इंग्रजीत भाषण केलं होतं, मी का जाते ते सांगणारं. ते मी तोवर नुसतं वाचलं होतं. आता 'कोण' ही नजर ठेवून वाचलं, आणि दिसलं की आनंदीबाईंनी स्वतः 'समाज' असं मोघम म्हटलेलंच नाही. मुंबईत शाळेला जाताना रस्त्यात भोवती जमणारे वेगळे, ओसरीवर बसून शेरे मारणारे आणि खडे फेकणारे प्रतिष्ठित वेगळे, थुंकणारे दुकानदार वेगळे. अठराही पुऱ्या न झालेल्या मुलीने एकेकाला वेगळं उभं करून दाखवलं होतं. आपण पुढच्या सव्वाशे वर्षांत त्यांना एका शब्दात कोंबून सोडून दिलं. हे कळलं त्या दिवशी मी लायब्ररीतून धावत बाईंच्या खोलीवर गेले. त्यांचा दुसरा वर्ग सुरू होणार होता, तरी त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे तुझं पहिलं प्रकरण." मी दोन महिने ज्याला पहिलं प्रकरण म्हणत होते ते कचऱ्यात गेलं.

प्रबंधाचा रोजचा क्रम काही सांगण्यासारखा नाही. लिहायचं, बाईंनी खुणा करून परत द्यायचं, पुन्हा लिहायचं. हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधार पडायचा. मॅकेब लायब्ररीत खिडकीजवळची एक जागा मी धरून ठेवली होती, तिथे पुस्तकांचा ढीग वाढत होता. डिसेंबरात एकदा आजारी पडले तेव्हा सेमिनारमधली मुलगी जेवणघरातून सूप घेऊन आली आणि माझ्या टिपांच्या कागदांवर क्रमांक घालत बसली. आमच्यात स्पर्धा नव्हती असं नाही. पण परीक्षक बाहेरचा असल्यामुळे एकीचे गुण वाढले म्हणून दुसरीचे कमी होणार नव्हते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. मार्चपासून आम्ही आठही जण रात्री एकमेकांना प्रश्न विचारत बसायचो. मिनेसोटाचा तो मुलगा परीक्षक व्हायचा आणि ठरलेलाच प्रश्न विचारायचा, कोण?

रमाबाईंचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक १८८९ चं : 'युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावर उभं होतं. गंमत अशी की त्याचे दोन इंग्रजी अनुवाद एकाच वर्षी, २००३ मध्ये, निघालेले आहेत. मीरा कोसंबींनी लोकस्थितीसाठी 'पीपल्स' हा शब्द घेतला, म्हणजे लोक. दुसऱ्या अनुवादात तिथे 'कंडिशन्स ऑफ लाइफ' आहे, म्हणजे स्थिती. एकाच शब्दाची दोन टोकं दोघांनी धरली. कोसंबी २०१५ च्या फेब्रुवारीत गेल्या. मी त्यांना पत्र लिहीन लिहीन म्हणत होते, ते राहूनच गेलं.

एप्रिलअखेर प्रबंध दिला, एकशेदहा पानांचा. शेवटी रमाबाईंच्या मूळ मराठीतले उतारे देवनागरीत जोडले होते. बाई म्हणाल्या होत्या की परीक्षकाला वाचता येवो न येवो, पुरावा मूळ भाषेतच द्यायचा.

मे महिन्यात इतर मुलांच्या परीक्षा संपल्या आणि आवार ओस पडलं. राहिलो ते शेवटच्या वर्षाचे. आधी लेखी, तीन विषयांच्या तीन, प्रत्येकी तीन तास. प्रश्न अनोळखी माणसाने काढलेले, तेव्हा ते ज्या बाजूने येतात त्या बाजूने आपण कधी पाहिलेलंच नसतं. अमेरिकेच्या सामाजिक इतिहासाच्या पेपरातला एक प्रश्न वाचून दहा मिनिटं मी नुसती बाहेरच्या झाडाकडे बघत होते. मग जाणवलं, सेमिनारमध्ये आम्ही यावर कधीच बोललो नसलो तरी यासाठी लागणारं सगळं बोललो आहोत.

नंतर तोंडी. पाहुणे परीक्षक गावात येतात, आणि ते दोन-तीन दिवस कॉलेजात लग्नघरासारखी लगबग असते. लेखी पेपर त्यांनी वाचलेले असतात, त्यावरूनच सुरुवात होते. माझ्या पहिल्या तीन तोंडी परीक्षा बऱ्या गेल्या, दुय्यम विषयाची जरा अडखळत.

चौथी प्रबंधाची. परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापक, साठीच्या. त्यांच्या हातात माझ्या प्रबंधाची प्रत, तिच्यातून पिवळ्या चिठ्ठ्यांची टोकं बाहेर आलेली. माझ्या बाईंनी मला खोलीपर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं. काचेतून क्षणभर त्यांचा चेहरा दिसला. मला बारावीचे सर आठवले.

पहिला प्रश्न त्यांनी शीर्षकावरच टाकला. "दोन अनुवादकांनी 'लोकस्थिति' या शब्दाचे दोन अर्थ घेतले असं तुम्ही लिहिता. तुम्ही कोणता घ्याल, आणि का?" मी म्हटलं, मराठीत 'स्थिती' म्हणजे नुसती अवस्था नाही. आम्ही परिस्थिती म्हणतो, घरची स्थिती बरी नाही म्हणतो, तेव्हा त्यात माणसं आणि त्यांचे हाल दोन्ही असतात. आणि 'लोक' म्हणजे आकडा नाही, आपल्याला ज्यांच्यात राहायचंय ते. रमाबाई आपल्या वाचकांना सांगत होत्या की तिकडची माणसं कशी जगतात ते बघा, म्हणजे आपण कसे जगतो ते दिसेल. म्हणून एका इंग्रजी शब्दात मला ते मावत नाही, मी मूळ शब्दच ठेवेन आणि पहिल्या पानावर समजावून सांगेन. त्यांनी मान हलवली, पटल्याची की ऐकल्याची ते कळलं नाही.

मग बरंच काही विचारलं. सभांना पैसे कोण द्यायचं, कुणाच्या घरी बैठका व्हायच्या, रमाबाईंचा ख्रिस्ती धर्म तिथल्या बायकांना सोयीचा होता का. मी उत्तरं देत होते. आणि मग त्यांनी प्रत मिटून टेबलावर ठेवली.

"याच मेडिकल कॉलेजातून १८६७ साली रिबेका कोल नावाच्या काळ्या विद्यार्थिनीने पदवी घेतली. कॅरोलाइन स्टिल अँडरसन यांनी १८७८ मध्ये. आनंदीबाई आल्या तेव्हा त्या शहरात काळ्या डॉक्टर बायका होऊन गेल्या होत्या. तुमच्या प्रबंधात फिलाडेल्फियाच्या बायका म्हणजे कोण?"

माझाच प्रश्न. माझ्या एकशेदहा पानांत 'फिलाडेल्फियाच्या बायका' हा शब्द कितीदा आला होता देव जाणे, आणि त्यात मी फक्त गोऱ्या, क्वेकर किंवा त्यांच्या ओळखीच्या बायका धरल्या होत्या. सेमिनारमध्ये ज्या एका शब्दावरून मी शिकले होते, तोच शब्द नाव बदलून माझ्या लिखाणात आला होता आणि मी तो ओळखला नव्हता. मला सुचण्यासारखी चार वाक्यं होती. कागद उपलब्ध नाहीत, व्याप्ती ठरवावी लागते, वेळ कमी होता. दोन वर्षांपूर्वीची मी त्यांतलं एखादं बोलले असते. मी म्हटलं, "मी त्या बाजूने शोधलंच नाही. शोधायला हवं होतं."

त्या म्हणाल्या, "कुठून सुरुवात कराल?"

मग परीक्षा परीक्षेसारखी राहिली नाही. कोणत्या चर्चची दप्तरं बघावी लागतील, कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींच्या अहवालांतून काय निघेल, आनंदीबाई आणि काळ्या डॉक्टर बायका एका खोलीत कधी आल्या असतील का, यावर आम्ही बोलत बसलो. मी पुढे वाकून त्यांच्याच प्रतीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने यादी करत होते. वेळ संपल्याचं दारावर टकटक झाली तेव्हा कळलं. निघताना त्यांनी प्रत माझ्यापुढे केली आणि 'लोकस्थिति' देवनागरीत लिहून मागितलं.

बाई जिन्याशी बसल्या होत्या. म्हणाल्या, काय विचारलं? मी सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे मलाही दिसायला हवं होतं." आम्ही दोघी पॅरिश हॉलसमोरच्या हिरवळीवरच्या पांढऱ्या लाकडी खुर्च्यांत जाऊन बसलो.

मला हाय ऑनर्स मिळालं. पदवीदान उघड्यावर, उंच झाडांखालच्या दगडी पायऱ्यांच्या अर्धवर्तुळात असतं. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची मुलं गुलाबाच्या बागेतून एकेक गुलाब घेऊन अंगरख्याला लावतात. आई-वडील येऊ शकले नाहीत. मिनेसोटाच्या मुलाच्या आईने मला गुलाब लावून दिला.

प्रबंधाची एक बांधलेली प्रत मी घरी पाठवली होती. आईचं इंग्रजी चौथीच्या पुस्तकापुरतं, पण तिने शब्दकोश शेजारी ठेवून रोज दोन-दोन पानं वाचायला घेतली. जुलै संपत आला तेव्हा एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, वाचून झालं. मागच्या उताऱ्यांत तिने 'लोकस्थिति'वर लाल शाईने दीर्घ वेलांटी काढली होती. मी सांगितलं की ते १८८९ चं शुद्धलेखन आहे, तर म्हणाली, बरं, मग राहू दे. आणि मग तिने विचारलं, "रमाबाईंबरोबर मनोरमा होती ना गं तिथे? पाचेक वर्षांची पोर. त्या सभा करत हिंडायच्या तेव्हा ती कुणापाशी असायची?"

मी म्हटलं, "बघून सांगते."